बटण नसलेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे आणि मला स्टेशन बदलायचे बटण नाही. जिथे ते होते तिथे आता नुसती लोखंडी काडी उरली आहे. टास्मानियाच्या डोंगरात, मेंढ्यांची लोकर कातरायच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी खिळ्याला लटकतो आहे. माझ्या डोक्यावर कोळ्यांनी संसार थाटला आहे. त्याचे मला काही वाटत नाही. जे वाटते ते त्या बटणाचे वाटते.

मला इथे आणले ते अर्न पेनरोझ या मालकांनी. तेव्हा माझी जागा स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या फळीवर होती. मालकांची बायको विनबाई दर शनिवारी माझ्या लाकडी अंगावरून तेलाचे फडके फिरवायच्या. संध्याकाळी हवामानाचा अंदाज सुरू झाला की घरात कुणी ब्र काढायचा नाही. 'दक्षिणेकडून थंड वारे, माथ्यावर बर्फ, मेंढ्या पाळणाऱ्यांनी काळजी घ्यावी,' एवढे माझ्या तोंडून निघायचा अवकाश, मालक सूप तसेच टाकून कुत्र्याला हाका मारत बाहेर पडायचे. नुकती लोकर उतरवलेली मेंढी म्हणजे उघडे तान्हे मूल. गार वारा आणि पाऊस एकदम आले की ती टिकत नाही. मग मालक सगळ्या मेंढ्या खालच्या निलगिरीच्या आडोशाला आणायचे आणि परत येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचे. त्या काळी माझा तोरा काय विचारता.

पुढे घरात टीव्ही आला. माझी रवानगी शेडमध्ये झाली. काही वर्षांनी मालकही गेले. मेंढ्या विकून शहरात राहायला चल, म्हणून विनबाईंचा भाऊ त्यांच्या मागे लागला होता, पण त्या ऐकेनात. मालकांनी एकेक मेंढी पारखून तो कळप उभा केला होता. "या माझ्या नाहीत, अर्नच्या आहेत," एवढेच त्या म्हणायच्या.

आता शेडचा एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा. लोकर कातरणाऱ्यांची टोळी आली की रेडिओ त्यांचा. ज्याच्या हातून सर्वांत जास्त मेंढ्या कातरून होतात त्याने स्टेशन लावायचे, आणि मालकाने मला बोटही लावायचे नाही. या थट्टेच्या कायद्यासाठी टोळ्या शेड सोडून गेल्याचेही मी ऐकले आहे. त्या वर्षी तो मान लॉरी ब्रॅकनचा होता. लॉरी दांडगा, हसरा आणि घोड्यांच्या शर्यतींचा वेडा. दिवसभर तो माझा कान पिळायचा आणि मी घोड्यांची नावे ओरडायचो.

मे संपत आला होता; पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला तेव्हा हिवाळा तोंडावर असतो. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर सांगितले होते की थंडीची लाट आठवड्याच्या शेवटी येईल. त्या सकाळी मात्र उत्तरेकडून ऊबदार वारा सुटला. या दिवसांत असल्या वाऱ्यामागून थंडी येते, म्हणून तो कुणाला रुचत नाही. विनबाई सारख्या दारात जाऊन आकाशाकडे बघत होत्या. खालच्या कुरणातले गवत संपले होते, म्हणून आतापर्यंत कातरलेल्या सगळ्या मेंढ्या त्यांनी वरच्या माळावर सोडल्या होत्या. त्यांना तिथेच ठेवायचे की दिवसाउजेडी खाली आणायचे, हे ठरवायचे होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या चहाची किटली घेऊन आत आल्या. अंदाजाची वेळ झाली होती.

"लॉरी, जरा हवामान लाव रे. दोनच मिनिटं."

"मालकीणबाई, कायदा म्हणजे कायदा," लॉरी केक खात म्हणाला. "चहा तुमचा, रेडिओ आमचा. आणि आता मी पैसे लावलेली घोडी पळायचीय."

सगळे हसले. विनबाईंनी हात पुढे केला होता. त्यांच्या बोटांची ऊब माझ्या बटणापर्यंत पोहोचली होती. पण बाईमाणूस एकटी, ही माणसे रुसून निघून गेली तर उरलेल्या मेंढ्या तशाच राहायच्या. त्यांनी हात मागे घेतला आणि त्यासुद्धा हसल्या. ते हसणे मला फार लागले.

मित्रांनो, त्याच वेळी हवामानाची सूचना पत्र्यावरच्या माझ्या एरियलच्या तारेला लागून जात होती. थंडीची लाट लवकर येते आहे, आजच रात्री, मेंढ्या आडोशाला न्या. पण मला बोलता येते ते बटण फिरवणाऱ्याच्या मर्जीने. मी घसा फोडून घोड्यांची नावे सांगत राहिलो. लॉरीची घोडी शेवटून दुसरी आली.

संध्याकाळी वारा फिरला. आधी पाऊस आला, मग बर्फ मिसळलेला पाऊस. विनबाई कुत्र्याला घेऊन धावल्या, लॉरीही धावला, पण मधला ओढा चढला होता आणि कुणालाही पलीकडे जाता आले नाही.

मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात. चालत चालत त्या कुंपणाच्या कोपऱ्यात पोहोचल्या आणि एकमेकींच्या अंगावर चढून तिथेच मेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता लॉरी आणि त्याची माणसे त्यांना ओढून ओढून खाली आणत होती. मालकांच्या कळपातल्या कातरायच्या राहिलेल्या थोड्याच वाचल्या.

दुपारी ती माणसे शेडमध्ये येऊन बसली. चहाला कुणी हात लावला नाही. लॉरी उठला आणि त्याने हवामान लावले. 'उद्यापासून आकाश निरभ्र राहील,' मी म्हणालो. त्या वेळी मला माझ्याच आवाजाची किळस आली.

"आता लावलंस," विनबाई म्हणाल्या.

"मला काय ठाऊक होतं, मालकीणबाई?"

"ठाऊक व्हावं म्हणूनच मी हात पुढे केला होता."

त्या माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझे बटण उपटून काढले, एप्रनच्या खिशात टाकले आणि घरात निघून गेल्या. तेव्हापासून माझ्यावर तेवढे एकच स्टेशन लागते.

पुढच्या वर्षी टोळी पुन्हा आली. लॉरीने माझ्याकडे बघितलेही नाही. दुपारी मी अंदाज सांगू लागलो तेव्हा सगळे टोप्या काढून उभे राहिले, कुणी खोकलेसुद्धा नाही. पण त्याआधीच सगळ्या मेंढ्या कातरून झाल्या होत्या. एका सकाळीत आटपाव्यात एवढ्याच त्या उरल्या होत्या.

हिवाळ्याआधी विनबाईंनी त्याही विकल्या. मला पुसा, माझी दुरुस्ती करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे काय, मी लाकूड आणि तार. पण तुमच्या घरात कुणी काही ऐकण्यासाठी हात पुढे केला, तर हसण्याआधी त्याला ते ऐकू द्या. मी अजून रोज अंदाज सांगतो. शेड रिकामी आहे.