रांजणातली आक्काबाई

रविवारी दुपारी निरवांगीच्या चिंचेखालच्या पत्र्याच्या शेडात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. उसाचं पाणी तसंच सोडून गडी आले होते, लेकरं काखोटीला मारून बाया आल्या होत्या. सगळ्यांचे डोळे मधोमध निम्म्या पुरलेल्या एका काळ्या रांजणावर खिळलेले. रांजणाच्या तोंडावर लाल फडकं, आणि शेजारी वाघाच्या कातड्याची नक्षी छापलेल्या चादरीवर रांजणनाथ महाराज.

"हितं लाईट न्हाय, भोंगा न्हाय, माईक न्हाय!" महाराजांनी फडकं बाजूला केलं. "या, डोकावून बघा. आत काय हाय? देवाचा भंडारा! पर हात लावाल तर खबरदार. गेल्या साली एकानं लावला, कोपरापास्नं हात वाळला त्याचा."

त्या एकाचं नाव काय, गाव कुठलं, हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही. लोक वाकून बघत होते, तळाला पसरलेल्या पिवळ्याजर्द भंडाऱ्याला लांबूनच हात जोडत होते. एकेकाळी मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली ही घरं. भंडाऱ्याची खोटी शपथसुद्धा इथं कुणी घेत नाही, मग हात घालून तो विस्कटणार कोण?

"ह्यो रांजण म्हंजी पाताळाचा कान," महाराज पुढं म्हणाले. "जितं माणूस खोटं बोलतं. त्याला पोट हाय, जमीन हाय. मेल्याला काय मिळवायचंय? मेलेलं माणूस खरंच बोलणार!"

त्यांनी चिमटा तीनदा आपटला. शेड चिडीचूप झालं आणि रांजण गायला लागला.

'पिवळी गं हळद, पिवळं अंगण झालं...'

चार महिन्यांमागं वारलेल्या आक्काबाईचा आवाज. तोच खर्जातला, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी हलकेच वर उचललेला. तिचा मुलगा शंभूराज पुढच्या रांगेत होता. "आई गं!" म्हणून त्यानं जमिनीला कपाळ लावलं. म्हाताऱ्या बाया हुंदके देऊ लागल्या. तीन ओव्या झाल्या, गाणं थांबलं आणि मग रांजणातून कुजबूज आली.

"घास... सुनंच्या हातचा... त्या घासानं गेले मी..."

सगळ्या माना एकदम वळल्या. खांबाला टेकून आक्काबाईची सून रोहिणी बसली होती. तिच्या आजूबाजूच्या बाया बसल्या जागी वीतभर सरकल्या. शेडात रेटारेटी होती, पण रोहिणीभोवती तेवढी मोकळी जमीन दिसायला लागली.

महाराजांनी डोळे मिटूनच निकाल दिला. "पुढल्या रविवारी आवस. कढईत तेल उकळायचं. त्यात आक्काबाईचं जोडवं टाकायचं. सुनंनं हात घालून त्ये काढायचं. सच्ची आसंल तर फोडबी यायचा न्हाय."

"आन् आला तर?" भावकीतले वडीलधारे सर्जेराव यांनी विचारलं.

"तर मग गावानं काय त्ये ठरवावं," महाराज म्हणाले. ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की मागं उभ्या असलेल्या मानसिंगच्या पाठीतून कळ गेली. रोहिणी त्याची मुलगी होती.

मानसिंग वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर. तीस वर्षं लेथवर उभा राहून त्याच्या हाताला घट्टे पडले, पण कान मात्र शाबूत राहिले होते आणि त्या कानांचा त्याला मोठा अभिमान होता. क्वार्टरच्या दोन खोल्यांपैकी एकीची भिंत जुन्या गाण्यांना दिलेली. अ‍ॅम्प्लिफायर त्यानं स्वतः कथलाचे डाग देऊन जोडलेला, डेक भंगारातल्या दोन टेपचा मिळून एक केलेला. मोठ्या शहरातले शौकीन भारी स्पीकर परदेशातून मागवतात म्हणे. मानसिंगनं कुंभाराकडून एक मोठा माठ आणला, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला आणि असा काही घुमारा काढला की शेजारच्या क्वार्टरमधली माणसं भाजी निवडायची सोडून दारात येऊन उभी राहायची. जुन्या गाण्यात तबला कुठल्या कोपऱ्यात बसलाय हे तो डोळे मिटून सांगायचा. बायको म्हणायची, घरात कुणी हाक मारली तर तेवढं ऐकू येत नाही.

असा हा माणूस त्या दिवशी जावयासमोर मुका झाला.

"मामा," शंभूराज म्हणाला होता, "जल्मल्यापास्नं ऐकलाय त्यो आवाज. माझं कान खोटं बोलत्यात व्हय? तुमीच सांगा. तुमाला तर गाण्यातलं कळतंय."

मानसिंग काय सांगणार? आवाज विहिणीचाच होता. त्याच्याही अंगावर काटा आला होता.

रोहिणी त्याला उसाच्या बांधापर्यंत पोचवायला आली. "आण्णा, आत्यांच्या छातीत पाणी झालं व्हतं. मी बारामतीला दवाखान्यात न्हेलं. ह्यो बाबा अंगारा घिऊन आला व्हता, मी त्याला दारातनंच परत लावला. त्याचा राग काढतोय." मग तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "तेलात हात भाजत न्हाय आसं कंदी झालंय का वो? तुमाला तरी ठावं हाय का कुणी?"

"न्हाय बाळा," मानसिंग म्हणाला. "चल, आत्ताच्या आत्ता माझ्यासंगं चल."

"पळून गेले तर माझ्या पदरात न्हानी पोर हाय, तिला जल्मभर चेटकिणीची लेक म्हणत्याल. मी न्हाय येत."

तो आठवडा मानसिंगनं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. लेथवर दोनदा माप चुकलं. घरी आल्यावर गाणं लावायचा आणि पहिल्या कडव्यालाच बंद करायचा. गावाकडून निरोप यायचे. कढई धुऊन ठेवलीय. सरपण आलंय. निमगाव, कळसपासून माणसं येणार आहेत.

गुरुवारी पहिली पाळी संपवून तो आला आणि कॅसेटांच्या खोक्यातून एक कॅसेट काढली. वर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'मनिषाची हळद, निरवांगी, मे ९४'. मनिषा ही शंभूराजची बहीण. तिच्या हळदीला जात्यावर बसून आक्काबाईनं ओव्या गायल्या होत्या आणि मानसिंगनं हौसेनं डेक नेऊन त्या टेप केल्या होत्या. विहिणीचा खरा आवाज पुन्हा एकदा नीट ऐकावा, रांजणातला वेगळा निघाला तर बरं, एवढीच त्याची वेडी आशा होती.

आधी त्याचाच आवाज आला. "झालं सुरू. म्हणा ईहीणबाई." मग जात्याची घरघर, बांगड्या आणि ओवी. आवाज तोच होता. मानसिंगचा धीर खचला. दुसरी ओवी झाली. तिसरी आली.

'लेकीच्या लगनाला नीरेचं पाणी आलं...'

'नीरेचं' या शब्दावर आवाज एकदम बारीक झाला, शाळकरी पोरीसारखा, घाईघाईनं पुढं पळाला आणि 'आलं'वर पुन्हा जागेवर बसला.

ही खोट मानसिंगच्या कानात दोन वर्षं कुसळासारखी टोचत होती. त्या दिवशी ऐन ओवीत शेजारच्या विहिरीवरची मोटर कुणीतरी चालू केली. मोटर सुरू झाली की आपल्याकडं दिवे मिणमिणतात, तसे ते मिणमिणले आणि त्याच्या डेकची चाल मंदावली. भरताना जी टेप हळू फिरली ती वाजवताना नेमक्या वेगानं फिरणार, म्हणून तेवढाच तुकडा घाईत आणि बारीक ऐकू येतो. व्होल्टेज सांभाळणारा एक छोटासा भाग डेकमध्ये बसवला असता तर हे टळलं असतं. स्वस्तात काम करायच्या नादात त्यानं तो बसवला नव्हता.

आणि रविवारी? मानसिंग उठून उभाच राहिला. रविवारी रांजणही 'नीरेचं'वर असाच पोरीसारखा झाला होता! कान होते, पण तेव्हा त्यात भीती भरली होती, म्हणून ऐकूनही ऐकलं नव्हतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. कारण पुढचं सगळं आपोआप आठवलं. लग्नात मांडव आणि स्पीकर भाड्यानं देणाऱ्या दत्तोबानं भोंग्यावर लावायला म्हणून ही कॅसेट नेली होती, ती दोन दिवसांनी परत केली; तेवढ्या वेळात तिची दुसरी प्रत भरून घेणं त्याला अवघड नव्हतं. हाच दत्तोबा गेल्या दिवाळीत या खोलीत बसून माठातल्या स्पीकरवर बोट ठेवून म्हणाला होता, "लई भारी डोकं चालतंय तुमचं, दाजी!" कौतुकानं फुगलेल्या मानसिंगनं त्याला सगळी करामत उलगडून दाखवली होती. जादाचा एक आठ इंची स्पीकरही देऊन टाकला होता. पोरीचा हात ज्या कढईत जाणार तिच्याखालचं एक लाकूड त्यानं स्वतःच लावलं होतं, आणि हे त्याला सहन होईना.

पण ओरडत गेलो तर? दत्तोबा स्पीकर उपसून नेईल आणि लोक म्हणतील, बापच तो, बोलणारच. रांजण गात असतानाच त्याला धरायला हवा होता.

अवसेच्या दुपारी शेडासमोर तीन दगडांवर कढई चढली होती. तेलातून धूर निघायला लागला होता. सर्जेरावांनी जोडवं टाकलं, ते चर्र आवाज करून तळाशी गेलं. रोहिणी हिरव्या लुगड्यात उभी होती. तिच्या बांगड्या आधीच उतरवून घेतल्या होत्या. शंभूराज तिच्याकडं बघत नव्हता.

मानसिंग खांद्याला पिशवी लावून पुढं आला. "म्हाराज, पोरीचा बाप हाय मी. माझी आडकाठी न्हाय. पर हात घालायच्या आधी ईहीणबाईच्या तिन्ही ओव्या पुऱ्या ऐकू द्या."

बापच कबूल झालेला पाहून महाराजांचा चेहरा तुपासारखा पाघळला. "ऐक बाबा, ऐक."

"सर्जेराव, जरा माझ्याजवळ या," मानसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिसऱ्या ओवीत 'नीरेचं' आलं की आवाज पोरीवानी बारीक हुईल. आन् 'आलं'वर परत जागंवर यील. न्हाय झालं तर पोरीच्या आधी मी हात घालतो तेलात."

महाराजांचे डोळे उघडले, पण हात सवयीनं चालला होता. चिमटा तीनदा आपटला गेला.

पहिली ओवी झाली. दुसरी झाली. कढईतलं तेल कडकडत होतं. तिसरी सुरू झाली.

'लेकीच्या लगनाला नीरेचं...'

आवाज बारीक झाला. 'आलं'वर जागेवर आला. गर्दीतून एक लांबलचक हुंकार गेला.

मानसिंगनं पिशवीतून सेलवरचा टेप काढला आणि बटण दाबलं. "झालं सुरू. म्हणा ईहीणबाई," त्याचाच आवाज आला आणि मागून आक्काबाई गायला लागली. तीच ओवी, त्याच बांगड्या. नीरेच्या पाण्यावर आवाज पुन्हा तसाच बारीक झाला.

"त्या दिशी शेजारची मोटर सुरू झाली आन् माझा डेक मंद झाला, म्हणून ही खोट ऱ्हायली," मानसिंग म्हणाला. "म्हाराज, आता सांगा. पाताळातबी उसाला पाणी देत्यात व्हय? तितंबी व्होल्टेज पडतंय?"

कुणीतरी फसकन हसलं. शेडाच्या मागच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं.

"पाखंडी! भंडाऱ्याला शिवशील तर जळून जाशील!" महाराज किंचाळले.

"भंडारा कपाळाला लावत्यात," मानसिंग म्हणाला. "त्याला भीत न्हाईत." त्यानं रांजणात हात घातला, चिमूटभर भंडारा उचलून कपाळी लावला आणि मग तळाचं फडकं ओढलं. पिवळा धुरळा उडाला. फडक्याखाली रांजणाला बूड नव्हतं. खाली खड्डा होता, खड्ड्यात वर तोंड करून ठेवलेला आठ इंची स्पीकर होता आणि शेणानं सारवलेल्या जमिनीखालून त्याची वायर मागच्या खोलीत गेली होती. शंभूराजनं ती दोन्ही हातांनी उपसत नेली. दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरची बॅटरी, टेप, माईक आणि खिडकीत अडकलेला दत्तोबा निघाला.

"आन् ती कुजबूज?" सर्जेरावांचा आवाज खाली आला होता. "ती तर आक्काच बोलली न्हवं?"

"गाणं खरं ऐकवलं, म्हणून कुजबूजबी खरी वाटली. कुजबुजीत माणसाचा आवाज वळखू येत न्हाय, सर्जेराव. आत्ता मी कुजबुजलो तर मीबी आक्काबाई हुईन." मग तो गर्दीकडं वळला. त्याला राग आला होता आणि त्यानं तो लपवला नाही. "आवाज कुटनं येतोय एवढंच इचारायचं व्हतं. रांजणाखाली काय हाय, हात वाळलेला माणूस कुटल्या गावचा, सवाल एवढंच. देवाला सवालाचा राग येत न्हाय, फसवणाऱ्याला येतो. मीबी घाबरून आठवडाभर गप बसलो, माझ्याच पोरीच्या जिवावर. तुमी तरी बसू नका."

महाराज चादर तिथंच टाकून बाहेर उभ्या केलेल्या आपल्या जीपकडं पळाले होते, पण जीपसमोर गर्दी होती आणि आता ती त्यांना वाट देत नव्हती.

शंभूराज बायकोसमोर येऊन उभा राहिला. "मला वाटलं, आई बोलतीया," तो रडत म्हणाला. "तिचाच आवाज व्हता गं."

"व्हय, त्यांचाच व्हता," रोहिणी म्हणाली. "त्यांचा वळखला तुमी. मी आठ दिस घरात तुमच्या म्होरं बोलत व्हते, म्या काय न्हाय केलं म्हणून. त्यो आवाज वळकीचा न्हवता का?"

शंभूराजनं हातातली वायर खाली टाकली. ते बोलणं मानसिंगलाही लागलं. बायकोच्या हाका ऐकू न येणारा तोही एक नवराच होता.

सर्जेरावांनी चुलीतली लाकडं ओढून त्यावर पाणी मारलं. लोक खाली माना घालून पांगले. दिवस कलला तरी रोहिणी कढईजवळच बसून होती. तेल पुरतं गार झाल्यावर तिनं शेजारच्या घरातून झारा मागून आणला, सासूचं जोडवं त्यानं वर काढलं, पदराला पुसलं, "आण्णा, आता येते तुमच्यासंगं," म्हणाली आणि मुलीला आणायला ती घराकडं निघाली.