शेजारची गरम सीट

"तू चहाचं आधण ठेव. पाणी उकळायच्या आत सीट बाहेर काढतो की नाही बघ," असं म्हणून फ्रिजमास्तरांनी बोल्टाला पाना लावला आणि अंगातलं होतं नव्हतं ते वजन त्याच्यावर टाकलं. बोल्ट हलला नाही. पाना सटकला आणि मास्तरांची बोटं पत्र्यावर आपटली.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने काय झालं ते विचारलं नाही. गॅस तेवढा बारीक केला.

ते पाणी उकळलं, त्याचा चहा झाला, चहा गार झाला, परत गरम केला गेला आणि शेवटी मास्तरांनी तो गाडीच्या दारात उकिडवं बसून, एक डोळा बोल्टावर ठेवून प्यायला. सीट अजून आतच होती. बोल्ट गंजून गाडीच्या पत्र्याशी असा एकजीव झाला होता की मूळ गाडी बोल्टाभोवती बांधली असावी असं वाटत होतं.

मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केले होते. आसपासच्या चार गल्ल्यांमधलं लोणी त्यांच्या भरवशावर घट्ट राहिलं होतं. गार करण्याच्या विद्येत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि बायकोच्या मते तो हात कोणी धरूही नये. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने सांगून टाकलं होतं, की या माणसाने नुसतं पातेल्याला हात लावला तरी दूध दोन दिवस नासत नाही. असा माणूस आता, निवृत्त झाल्यावर, एक वस्तू गरम करायला निघाला होता.

कारण होतं मागचा रविवार.

दर रविवारी ही दोघं घाट चढून बायकोच्या थोरल्या बहिणीकडे जात. मास्तर गाडी चालवत आणि बायको, म्हणायचं तर, बाकी सगळं चालवत. पुढचा ट्रक तिला आधी दिसे. गिअर कधी बदलायचा ते तिला आवाजावरून कळे. वळणावर ती उजवा पाय दाबून धरी, तिच्या बाजूला ब्रेक नव्हता तरी. मास्तर कुरकुर करत आणि सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे करत. गाडी जुनी होती. तिला हीटर होता, म्हणजे बटण होतं. ते दाबलं की फरफर आवाज होई आणि कुठूनतरी वाळक्या पानांचा चुरा मांडीवर येऊन पडे. यंदा थंडी वाढली तशी बायकोची कंबर धरली. मग मागच्या रविवारी जावई आपली नवी गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मास्तर सर्दीचं निमित्त सांगून घरी राहिले.

संध्याकाळी ती परत आली ती ताठ चालत आली. म्हणाली, "त्या गाडीची सीटच गरम होते हो. कंबर कशी मस्त शेकून निघाली."

एवढंच म्हणाली. पण रात्री जेवता जेवता मास्तरांनी मनात हिशेब मांडला. अशा दोन-तीन थंड्या गेल्या की तिला त्या सीटची सवय लागणार, मग उन्हाळ्यातसुद्धा ती तिकडेच बसणार, आणि आपण शेजारी रिकामी सीट घेऊन घाट चढणार. पुढचा ट्रक कोण दाखवणार?

तर दुपारी बोल्ट सुटला. तेल, हातोडी आणि मास्तरांनी त्याला उद्देशून काढलेले काही शब्द यांपैकी कशाने सुटला ते सांगता येत नाही. सीट बाहेर आली. तिच्याखाली एक कंगवा, दगडासारखी झालेली एक लिमलेटची गोळी आणि तेरा नंबरचा पाना निघाला. हा पाना शेजाऱ्याने लाटला असा मास्तरांचा कित्येक वर्षांचा ठाम आरोप होता आणि त्यावरून दोन घरांत बोलाचाली बंद होती. मास्तरांनी कुंपणापलीकडे पाहिलं. पाना खिशात घातला.

पुढचं काम सोपं होतं. दुकानातून आणलेल्या खोक्यात पातळ गादीसारखा एक पट्टा होता, त्यात केसासारख्या तारा होत्या, सोबत एक काळी सीलबंद डबी आणि सूचनांचा कागद. कागद मास्तरांनी वाचला नाही. काळी डबी त्यांनी कानाजवळ नेऊन हलवली, वास घेतला आणि वायर कापून कचऱ्यात टाकली. उघडून बघता येत नाही अशा वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता.

मग त्यांनी आपला जुना पत्र्याचा डबा उघडून त्यातून एक थर्मोस्टॅट काढला. त्यांच्या संसारातल्या पहिल्या फ्रिजचा. तो फ्रिज कधीच भंगारात गेला होता, पण हा पठ्ठ्या शेवटपर्यंत एकदाही चुकला नव्हता. तापमान कमी-जास्त झालं की त्याचं आपलं वेळच्या वेळी टक्. मास्तरांनी तो फुंकर मारून साफ केला, स्क्रू पिळून फ्रिजच्या गारव्यावरून माणसाच्या उबेवर आणला, त्याची बारीक नळी कव्हराखाली सरकवली, किल्लीची भानगड नको, गाडी बंद असली तरी चालावं म्हणून थेट बॅटरीवरून जोड घेतली, मध्ये एक बटण टाकलं आणि सीट जागेवर बसवली. एक बोल्ट उरला. तो त्यांनी दुसऱ्या खिशात घातला.

बायको शाल गुंडाळून आली आणि सावकाश, कंबर सांभाळत बसली. मास्तरांनी बटण दाबलं. दोघं समोर बघत राहिली.

"काही होतंय का?"

"गार लागतंय."

"जरा दम धर. नवीन आहे, लाजतंय."

तिने दम धरला. बराच धरला. मग तिला तापमानात काहीही फरक न पडता शिंक आली, तशी ती उठली. रागावली नाही. मास्तरांच्या खांद्याला चिकटलेला कापूस काढून टाकत म्हणाली, की जावयाचा फोन आला होता, उद्या सकाळी येतो म्हणालेत, आणि तुम्हीही चला त्यांच्याच गाडीतून, मागे ऐसपैस जागा आहे.

मागे. मास्तर हूं म्हणाले. एवढी वर्षं गाडी चालवली, आता मागे बसायचं, सामानासारखं. ते गाडीचं दार तसंच उघडं टाकून आत गेले आणि उशीत तोंड खुपसून पडले.

उन्हं कलताना बायकोने त्यांना हलवून उठवलं. गाडीत मांजर शिरलंय म्हणाली, आणि बाहेर निघायला तयार नाही.

शेजाऱ्यांचं मांजर होतं ते. चांगलं पोसलेलं, सतरंजीएवढं. सीटच्या बरोबर मध्यावर ते पसरलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं सुख होतं जे मास्तरांनी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या पोटाखाली हात घातला. सीट तापली होती. नुसती तापली नव्हती, तापत चालली होती. मांजराने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा गार हात पंजाने बाजूला सारला.

आणि तिथे, एक पाय गाडीत आणि एक पाय बाहेर, मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला.

फ्रिजचा थर्मोस्टॅट. गरम झालं की चालू. गार झालं की बंद. त्या बिचाऱ्याला जन्मभर एवढंच शिकवलं होतं, आणि शिकवणारे हेच होते. बायको थंडीत येऊन बसली, तेव्हा त्याने आपल्या परीने पाहिलं: छान गार आहे, आपलं काही काम नाही. मांजराने बसून बसून सीट उबवली, तेव्हा तो दचकून जागा झाला: अरे, गरम झालं, लावा. आणि जितकं जास्त तापेल तितका तो नेटाने चालू राहणार होता.

मास्तरांनी बटण बंद केलं. शिकाऊ पोरसुद्धा करणार नाही अशी चूक होती. पोराने केली असती तर त्याला पाण्याचा ग्लास आणायला पाठवून हे आधी पोटभर हसले असते. ते कचऱ्याच्या डब्याकडे गेले. डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला होता. काळी डबी सूचनांसकट गेली होती. दुसरा पट्टा आणावा तर दुकान उद्या बंद.

"काय झालंय त्याला?" बायकोने मांजर उचलत विचारलं.

"काही नाही. उमगलंय मला. उद्या बघ."

"उद्या जावई येताहेत."

"येऊ देत की."

सकाळी दव पडलं होतं. गाडीच्या काचा बाहेरून पांढऱ्या होत्या, आणि थोड्याच वेळात आतूनही पांढऱ्या झाल्या, कारण आत मास्तर बसले होते. आपल्या जागेवर नव्हे, तिच्या. पाय जवळ घेतलेले, कानटोपी भुवयांपर्यंत, हात मांडीखाली. मांजराला जे सहज जमलं ते त्यांना काही केल्या जमेना. मांजराचं अंग उबदार, यांचं म्हणजे, पातेल्यातल्या दुधाला विचारा. ते जरा उजवीकडे सरकले, जरा डावीकडे. लहानपणी परीक्षेच्या बाकावरसुद्धा ते इतका वेळ एका जागी बसले नव्हते. नाक गळायला लागलं. पुसायला हात काढला तर ऊब जाईल म्हणून त्यांनी ते गळू दिलं.

मग सीटच्या खोल आतून आवाज आला. टक्.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तरी ते उठले नाहीत. चांगली तापू दे, अशी तापू दे की तिला बसल्याबरोबर कळलं पाहिजे. ते बसून राहिले.

काचेवर कोणीतरी बोटाने टकटक केलं. जावई होता, अंघोळ करून, भांग पाडून आलेला. गुणी मुलगा. मास्तरांना त्याचा तोच एक दोष वाटे. त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही या बाजूला?"

"बसलोय जरा."

"किल्ली नाही मिळाली का?"

"किल्ली आहे."

जावयाने आत डोकावून पाहिलं. मास्तरांची कानटोपी, नाकाचा शेंडा, मांडीखालचे हात. त्याला काही कळलं नाही, पण तो सभ्यपणे म्हणाला, की आपली गाडी सुरूच ठेवलीय, सीटही लावून ठेवलीय, बाबांनी उगाच गारठ्यात बसू नये. मास्तर म्हणाले बरं.

बायको बाहेर आली. हातात पर्स, बहिणीसाठी घेतलेली पिशवी, अंगावर शाल. फाटकापाशी नवी गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. ती दोन पावलं तिकडे गेली. मग थांबली आणि जुन्या गाडीच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिली. काचेमागे कानटोपीचा गोंडा दिसत होता.

ती आली. दार उघडलं. मास्तर धडपडून उतरायला गेले, तर पाय बधिर झालेले. दाराला धरून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वाकून सीटवर पालथा तळहात टेकवला, कपाळाला लावतात तसा. तो तिथे बराच वेळ राहिला.

"कधीपासून बसलाय?"

"हे काय, आत्ताच."

तिने शालीच्या टोकाने त्यांचं नाक पुसलं. जावयासमोर. मास्तरांना कुठे बघावं कळेना.

"शेकतेय ना?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणजे, सुरुवातीला तिला जरा कोणीतरी लागतं. मग चालते. दर वेळी मी आधी येऊन बसत जाईन."

"दर वेळी?"

"मला काय काम असतं सकाळी."

पर्स मांडीवर घेऊन, एक हात मास्तरांच्या हातात देऊन ती हळूच बसली, मागे टेकली, आणि तिच्या खांद्यातून काहीतरी सैल झाल्यासारखं खाली उतरलं.

"तुम्ही पुढे व्हा," तिने जावयाला हाक मारून सांगितलं. "ताईला म्हणावं, आम्ही दोघं मागोमाग येतोय. आणि वळणावर जपून हो. तुमच्या गाडीत मला पाय दाबायला जागाच सापडत नाही."

जावई हसला, मान हलवली आणि गेला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. मास्तर लंगडत आपल्या बाजूला आले, बसले, बाहीने काच पुसली. बायकोने उजवा पाय पुढे रोवून ठेवला आणि समोर बघितलं.

मास्तरांनी किल्ली फिरवली.

अख्खी बॅटरी पिऊन सीट उत्तम तापली होती. गाडी सुरू झाली नाही.