बंद खिडकीबाहेरची शांतता

मित्रांनो, भिंतींना घरापुरतेच दिसते. मला आतलेही दिसते आणि बाहेरचेही. त्यामुळे चौकशा करण्याची खोड मला जन्मापासूनच लागली. मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. दोन झडपांची, काचेच्या तावदानांची.

मला घडवणारा सुतार काम करताना ओठांत खिळे धरायचा, त्यामुळे त्याच्याकडून एकही शब्द ऐकायला मिळाला नाही. पण भिंतीत बसवल्यावर त्याने मला पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहिले आणि मान डोलावली. ते माझे पहिले कौतुक.

घर एका घड्याळजींचे होते. त्यांचे टेबल माझ्या खालीच असे. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर बारीक चाकांशी खेळत. घड्याळ दुरुस्तीला आणणाऱ्यांना ते सांगत, "दिवा काय, कुणीही लावतं. माझं सगळं काम चालतं ते या खिडकीच्या जिवावर." लाकडाने फुगू नये म्हणतात, पण हे ऐकून मी थोडी फुगायचीच.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली. तिथे लोखंडी फाटके आणि जाळ्या बनू लागल्या. सकाळी घण सुरू झाला की माझी तावदाने थडथडत. घड्याळजींना हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईना. शेवटी त्यांनी मला मिटले, खिळे ठोकले, जाड पडदा ओढला आणि टेबल आतल्या खोलीत नेले. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, तसे झाले. पडद्यामागे बरीच वर्षे मी आवाजांवरूनच अंदाज बांधत राहिले. आज मोठे फाटक असेल का? हा नवा माणूस कोण, ज्याचा घाव जरा हलका पडतो?

घड्याळजींची नजर अधू झाली, तेव्हा मुलीकडे राहायला जायचे त्यांनी ठरवले. घर विकायला काढले ते ऐन हिवाळ्याच्या सुट्टीत, शेडचे कारागीर गावी गेलेले असताना. एजंट आला, त्याने भिंतींना नवा रंग दिला, खोलीत हीटर लावला, माझा पडदा बदलून मखमली टांगला. "ही खिडकी उघडायची नाही हं, काका," असे त्याने बजावलेले मी ऐकले.

एका दुपारी तो एका जोडप्याला घेऊन आला. बाई रुग्णालयात नर्स होत्या, त्यांचे यजमान बस चालवत.

"जरा कान देऊन ऐका," एजंट म्हणाला. "काही ऐकू येतंय? अशी शांतता कुठे मिळते आजकाल?"

"हिला तेच हवंय," यजमान म्हणाले. "हिची कायम रात्रपाळी. दिवसा झोप नाही झाली तर रात्री हातून चूक व्हायची भीती."

"मग आजच बयाणा देऊन टाका. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. कागद काय, ऑफिसं उघडली की बघता येतील."

यजमान घाईला आले होते. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. नर्सबाई मात्र माझ्याकडे पाहत होत्या.

"भर दुपारी पडदा का ओढलाय?" त्यांनी विचारले आणि तो बाजूला सारला. त्यांचे बोट खिळ्याच्या डोक्यावर येऊन थांबले. "हे खिळे कशाला?"

"काकांना थंडी सोसत नाही," एजंट हसला.

घड्याळजी आत गेले आणि पक्कड घेऊन आले. त्यांनी एकेक खिळा उपसला. मी कुरकुरत उघडले. समोर शेड होती, तिचे शटर बंद होते.

"गोदाम आहे. बंदच असतं," एजंट घाईने म्हणाला.

"सध्या बंद आहे," घड्याळजी म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. "काका, सुट्टी संपली की एके दिवशी मी इथे झोपायला येऊ?"

"अगं, परक्याच्या घरात झोपायला?" यजमान चकित झाले.

"जन्मभर झोपायचंय इथे. आधी एकदा झोपून बघते."

"तोवर घर राहायचं नाही, ताई," एजंट म्हणाला.

"राहील," घड्याळजी म्हणाले. "या आल्याशिवाय मी कुणाला शब्द देणार नाही."

मुलीकडे जायला ते किती आसुसले होते, हे मला ठाऊक होते. म्हणूनच त्यांच्याकडे मी पाहतच राहिले.

सुट्टी संपली. नर्सबाई रात्रपाळी करून थेट आल्या. सोबत उशी होती. त्यांनी मला मिटून घेतले, सतरंजीवर अंग टाकले आणि त्यांचा डोळा लागला. मग पलीकडे शटर वर गेले आणि घण पडला. त्या दचकून उठून बसल्या. त्यांना न्यायला आलेले यजमान दारात उभे होते. "हे तर बसच्या इंजिनावर बिछाना घातल्यासारखं आहे," ते पुटपुटले.

घड्याळजी चहा घेऊन आले. "मी आधीच सांगायला हवं होतं, पोरी."

"खिळे तुम्हीच काढलेत ना, काका? सगळं कळलं मला तेव्हा."

चहा पिऊन ती दोघे गेली. त्यानंतर घड्याळजींनी एजंटला नारळ दिला आणि घर फक्त कामाच्या दिवशी, मला सताड उघडून दाखवायला सुरुवात केली. माणसे येत, कानांत बोटे घालून परत जात. हिवाळा सरला तरी घर तसेच. मग एक बँडमास्टर आला. घण ऐकून त्याचा चेहरा खुलला. "आमच्या सरावाला कंटाळून शेजाऱ्यांनी आम्हाला प्रत्येक घरातून उठवलं," तो म्हणाला. "इथे कोण तक्रार करणार?" घड्याळजी खूप दिवसांनी मोकळे हसले. घर त्यालाच गेले.

नर्सबाईंचे पुढे काय झाले, या विचाराने मी बेचैन होते. घड्याळजी एकदा भेटायला आले, तेव्हा कळले. भाड्याच्या खोलीच्या मालकाने आणखी मुदत दिली होती. यजमानांनी आधी मागितलीच नव्हती. नंतर त्यांनी एक लहानसे घर घेतले. बाई तिथेही आधी दिवसाची झोप काढून आल्या होत्या आणि कागद नीट तपासून मगच बयाणा दिला होता.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठ्यांबरोबर घर पाहायला गेलात, तर सुट्टीतल्या शांततेवर भुलू नका. कामाच्या दिवशी पुन्हा जा. पडदा दिसला तर मागे काय आहे ते विचारा, आणि घाई करणाऱ्याला घाईचे कारण विचारा. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या बिजागऱ्यांना तेल द्या, काचा पुसा. आम्हाला बाहेरचे सगळे दाखवायचे असते, पण खिडकी आपणहून उघडत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो.