हाळीची काठी

"उद्या अवस," मागून आवाज आला. "उधान किती वाजता लागंल?"

नामा उघाडीच्या फळ्यांच्या फटीत चिखल आणि पेंढा कोंबत होता. त्याने वळून पाहिलं नाही. आवाज कान्हाचा आहे हे त्याला कळलं होतं, आणि चौदा वर्षांत कान्हा या बांधावर पाऊल टाकायला आला नव्हता हेही त्याला ठाऊक होतं.

"साडेबाराच्या सुमाराला," तो म्हणाला.

"मंग बारा वाजता वरच्या दोन फळ्या काढ. अर्धा तास ठेव आन् परत लाव. कोनाला काय कळनार नाय. फळी कुजली, सुटली, सांगायचं."

नामा उभा राहिला. कान्हाच्या अंगावर कारखान्याचा निळा शर्ट होता, पायांत बूट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात तो ऑपरेटर होता. बांधाच्या चिखलात ते बूट घोट्यापर्यंत रुतले होते.

"तुना समजतं काय बोलतोस ता?"

"समजतं. सुट्टी टाकून आयलोय त्याच्यासाठी."

उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला फळ्या वर करायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीच्या आधी फळ्या खाचेत बसवायच्या, खाडीचं पाणी बाहेर ठेवायचं. तळवलीच्या खालच्या अंगाला असलेल्या या गावाचं सगळं भात त्या सात फळ्यांच्या भरवशावर होतं. नामाच्या बापाने, पोपटने, त्या तीस वर्षं राखल्या, आणि तो गेल्यावर नामाने. दारातून पाणी आत शिरलं तर पहिली चार खाचरं लागत ती बाजीरावांची. ती सगळ्यांत सखल होती. अर्ध्या तासात पाणी तेवढीच भरणार आणि पुढच्या आतल्या बांधाला अडणार. कान्हाने हिशेब नीट केला होता.

"दाना दुधात हाय," नामा म्हणाला. "खारा पानी लागला तर सगला पोचा."

"होऊ दे पोचा."

"माझा सासरा हाय तो, कान्हा."

"म्हाईत हाय. हळदीला मना बोलावला नव्हतास." कान्हा हसला, पण तोंडभर नाही. "शेवटचा पीक हाय त्याचा. पुढल्या सालाला भरावाच्या गाड्या येतील, शेत जाईल. मंग माज्या बापाचा काय उरला मागायला? उद्या सर्वपित्री. बापाला माज्याकडून येवढाच पान."

नामाने चिखलाचा नवा गोळा उचलला. तेव्हा कान्हा जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू तेरा वर्साचा पोर होतास. तुना त्यानी पढवला. मी तुज्यावर कवा राग धरला? कवा धरला, सांग."

तो बांधावरून परत गेला. नामाच्या हातातला चिखल वाळून पांढरा पडेपर्यंत नामा तिथेच उभा होता.

बांध फुटला की त्याला खांड गेली म्हणत. खांड गेली की घरटी एक पुरुष टोपली-फावडं घेऊन निघायचा, मग कोणाची शेतं कुठे आहेत हे कोणी विचारायचं नाही. बोलवायची रीत ठरलेली होती. उघाडीवाल्याच्या घरची बाभळीची काठी घेऊन एकाने दारोदार जायचं, चौकटीवर तीन ठोके मारायचे आणि आतून "आयलो" असं उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. उत्तर आलं की पुढचं घर. आजारी असेल, गावाला गेला असेल, तर घरातल्या बाईने तसं सांगायचं. पण "आयलो" म्हणून जो आला नाही, त्याला गाव माफ करत नसे.

पासष्ट सालच्या श्रावणात भरदिवसा खांड गेली. पोपट बांधावर छातीभर पाण्यात उभा होता. त्याने काठी पोराला दिली.

नामा घरोघरी गेला. शेवटचं घर टोकाला होतं, शिवरामचं, कान्हाच्या बापाचं. नामा आणि कान्हा रोज एकत्र असत. एकाच गळ्यात दोघांची चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, पिशवी असे. पण त्या दोन दिवसांत दोघे बोलत नव्हते. नामाने बिळातून काढलेली मोठी चिंबोरी कान्हाने आपली म्हणून घरी नेली होती. नामा गल्लीच्या तोंडाशी थांबला. आत वेणूबाई, कान्हाची आई, उखळात भात कांडत होती, तो आवाज बाहेर येत होता. त्या दारात कान्हा उभा असेल, या विचाराने नामाचे पाय पुढे गेले नाहीत. त्याने लांबूनच एक हाळी दिली, आणि पळाला.

खांड दुसऱ्या दिवशी बुजली. सगळ्या घरांतून माणूस आला होता, शिवरामच्या घरातून नाही. तिसऱ्या दिवशी देवळासमोर गाव बसलं. निवाडा करायला बाजीराव मध्ये बसले होते. त्यांनी नामाला पुढे बोलावलं.

"शिवरामच्या दारी गेलतास?"

"हो."

"तीन ठोके मारले?"

"हो."

"आतून काय आयला?"

पोपट बघत होता. शिवराम बघत होता. गर्दीच्या कडेला कान्हा होता.

"आयलो बोलले," नामा म्हणाला.

सात वर्षं ते घर वाळीत होतं. विस्तव नाही, पाणी नाही, लग्नाचं आमंत्रण नाही. दोन वर्षांनी शिवराम गेला तेव्हा गावातून खांदा द्यायला कोणी उठलं नाही. कान्हा आणि मिठागरावरचे तीन परप्रांती मजूर तिरडी घेऊन गेले. कान्हा मागच्या खांद्याला होता; पुढच्या मजुरांना वाट माहीत नव्हती, ते दोनदा चुकले. पुढे नव्या शहरासाठी जमिनी घ्यायच्या नोटिसा आल्या, गावाच्या अर्जावर सगळ्या घरांचे अंगठे हवे झाले, तेव्हा बहात्तर साली गावाने वेणूबाईचा अंगठा घेतला आणि वाळीत टाकणं संपलं. कोणी तसं बोलून दाखवलं नाही.

शिवरामचं शेत बाजीरावांच्या शेताला लागून होतं. एवढ्यावरून कान्हाने आपली समजूत करून घेतली होती, की शेतासाठी बाजीरावांनीच पोराला पढवलं. ती समजूत मोडायला एक वाक्य पुरलं असतं. नामा ते चौदा वर्षांत बोलला नव्हता. आणि मधल्या काळात त्याने बाजीरावांच्या सरस्वतीशी लग्न केलं होतं.

संध्याकाळी बाजीराव स्वतःच लेकीकडे आले. उद्याच्या सर्वपित्रीच्या स्वयंपाकाला तिने यावं म्हणून. म्हातारा ओटीवर बसला, पाणी प्याला.

"जावईबापू, फळ्या बघितल्या का? उद्याचं उधान मोठं."

"बघितल्या."

"यंदाच्या भाताची एक जुडी मी ठेवनार हाय. झोडायची न्हाय, कांडायची न्हाय. आढ्याला बांधून ठेवनार. नातवंडं विचारतील, आज्या, हे काय." ते हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "आज कान्हाला बांधाकडून येताना बघितला. माज्याकडे बघून थुकला. थुकू दे. त्याच्या बापाचा निवाडा मी केला, पन मी माज्या मनाचा केला न्हाय. मी तुज्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, पोपटचा पोर हाय, खोटं बोलनार न्हाय."

सरस्वती कंदील लावत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नामा उठून गोठ्याकडे गेला, तिथे त्याला काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला खाडीचं पाणी पाचव्या फळीला लागलं होतं. वरच्या दोन फळ्या अजून कोरड्या होत्या. आतल्या बाजूला बाजीरावांचं भात कमरेएवढं उभं होतं. कान्हा आला तेव्हा बूट काढून, अनवाणी आला. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"तुज्याच्यानं होत नसंल तर मी काढतो. तू तिकडं तोंड करून उभा रहा. तुज्यावर आळ नको."

त्याने वरच्या फळीच्या कडीत हात घातला. लाकूड फुगलं होतं, फळी हलली नाही. त्याने पाय रोवले. फळी इंचभर वर आली आणि फटीतून चिखल सुटून खाली पडला.

"बाजीरावांनी मना काय पढवला नाय," नामा म्हणाला.

कान्हाचा हात कडीतच होता.

"कोनीच पढवला नाय. मी तुमच्या दारात आयलोच नव्हतो. गल्लीतून हाळी मारली ना पललो. ठोके मारले नाय. तुजा बापूस काय बोलला नाय, तुजी आय कांडत होती. त्यांनी ऐकलीच नसंल. मी बोललो, आयलो बोलले. माज्या मनानी बोललो."

पाणी सहाव्या फळीला लागलं. कान्हाने कडी सोडली. फळी आपल्या वजनाने खाचेत खाली बसली.

"का?" त्याने विचारलं.

नामाला ते सांगायला सगळ्यांत जड गेलं. "तू चिंबोरी नेलीस म्हनून तुज्या दारात यावासा वाटला नाय. मंग गावापुढं मी भ्यालो. बाबा बघत होता."

कान्हा एक पाऊल जवळ आला. नामाला वाटलं, आता मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कित्येक वर्षं त्याच्या मनात येत राहिलं.

"ती चिंबोरी," कान्हा म्हणाला, "आयनं बापाला रांधून दिलती." मग तो बांधावर टेकला आणि पायांचा चिखल हाताने काढू लागला. "मी चौदा वर्सं त्या म्हाताऱ्याच्या दारावरून जाताना थुकलो."

"मी गावात सांगतो. आजच सांगतो."

"तुजं तू बघ. मी कोनाला काय बोलनार नाय. आन् तुज्याशी पन नाय."

तो उठला आणि गेला. उधाण साडेबाराला सातव्या फळीच्या मध्यापर्यंत चढलं, तिथे थोडा वेळ थांबलं आणि उतरू लागलं. नामाने सुटलेल्या फटीत नवा चिखल भरला.

संध्याकाळी देवळासमोर गाव बसलं होतं. विषय नोटिसांचा होता. कोणाला कुठे भूखंड मिळणार, कोणाच्या पोराला नोकरी लागणार, वकील कोणता धरायचा. नामा उभा राहिला आणि त्याने पासष्ट सालची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. सगळे ऐकत होते. मग हिरामण, जो आता अर्ज लिहीत असे, म्हणाला, "नामा, तो विषय जुना झाला. बस खाली. उद्या सायबाला भेटायचंय, त्याचं बोलू."

दोघे-तिघे हसले. वाईट हेतूने नाही. लोकांना खरोखरच घाई होती. ज्या गावाने एका माणसाला खांदा नाकारला होता, त्या गावाला आता ते ऐकायला वेळ नव्हता.

एकटे बाजीराव उठले. त्यांनी धोतर झटकलं, नामाकडे न बघता त्याच्यासमोरून गेले, आणि घरी न वळता टोकाच्या घराच्या दिशेने गेले. तिथे ते काय बोलले ते कोणाला कळलं नाही. त्या साली त्यांनी भात कापलं, पण आढ्याला जुडी बांधली नाही. जावयाच्या ओटीवर ते पुन्हा बसले नाहीत. सरस्वती माहेरी जाई, येई. नवऱ्याला ती एकदाच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत," आणि पुढे तो विषय तिने काढला नाही.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी नामाने आढ्यावरची काठी काढली. भर दुपारी तो टोकाच्या घरी गेला. आत वेणूबाई कांडत होती. त्याने चौकटीवर तीन ठोके मारले. कांडणं थांबलं. म्हातारी उखळाशीच बसलेली त्याला दिसत होती, आणि तिला तो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिने मुसळ उचललं आणि कांडणं पुन्हा सुरू झालं. आतून उत्तर आलं नाही. नामा रीतीप्रमाणे हलला नाही. उन्हं कलली, वेणूबाईने कांडलेलं सुपात घेऊन पाखडलं, आत नेलं आणि ती बाहेर येऊन म्हणाली, "जा आता. ज्याला बोलवायला आयलास, तो घरात नाय."

पुढच्या अवसेला तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही. तीन ठोके मारायचे, थोडा वेळ थांबायचं, निघायचं. पोरं त्याच्या मागे चिडवत येत, पुढे तीही कंटाळली. ऐंशी साली भराव पडला, खाडी लांब गेली, उघाडीच्या फळ्या मातीखाली गेल्या. बाजीरावांच्या चार खाचरांवर चार मजली इमारतींचे पाये खणले गेले. नामाला वाशीला वसाहतीच्या बागेत माळ्याची नोकरी लागली. नळी धरून गवताला पाणी घालायचं. अवसेला तो अर्धा दिवस रजा घेई. साहेबाने कारण विचारलं तर सांगे, घरचं काम आहे.

वेणूबाई चौऱ्याऐंशी साली गेली. तिरडीला अख्खं गाव होतं, कारखान्यातले लोक होते, खांदा द्यायला माणसं एकमेकांना सारत होती. नामा मागे चालत गेला. कान्हाने त्याला पाहिलं आणि नजर काढून घेतली.

शहाऐंशीत कान्हाने जुनं घर पाडलं आणि विटा-सिमेंटचं बांधायला काढलं. नामा कामावरून येताना रोज ते बघे. एकदा सदू सुतार ओट्यावर बसला होता आणि पुढे जुनी सागवानी चौकट आडवी टाकली होती. उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, लाकडात चिंचोक्याएवढा खळगा पडलेला होता.

"लाकूड चांगलं हाय म्हनून हीच लावायची बोलतो," सदू नामाला म्हणाला. "येवढा भाग रंधून सपाट करतो, म्हंजे रंग बसंल."

त्याने रंधा उचलला. आतून विटांच्या धुळीत माखलेला कान्हा बाहेर आला. नामा रस्त्यात उभा होता. कान्हाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सदूमामा," तो म्हणाला, "तेवढा राहू दे."

"दिसंल की वो वंगाळ."

"दिसू दे."

दिवाळीच्या आधी नवं घर झालं. दाराला हिरवा तेलरंग लागला, वर घंटीचं बटण आलं. अवस आली तेव्हा नामा अर्धा दिवस रजा घेऊन गेला. घंटी त्याने वाजवली नाही. काठी उचलून पहिला ठोका मारला, तेव्हा काठीचं टोक आपल्या जागी, खळग्यात बरोबर बसलं. हिरव्या रंगाचा एक पापुद्रा निघून खाली पडला. त्याने आणखी दोन ठोके मारले, आणि तो थांबून राहिला.