उसन्या कोडला हात लावायचा नाही

मी तापट आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तरी त्या दिवशी मी जे बोलले, ते आठवलं की अजून लाज वाटते.

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या ताईचा आवाज कायमचा गेला. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. ऑपरेशनआधी तिचा आवाज आम्ही तासन्‌तास रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि आमच्या कंपनीचा नवा प्रोग्राम, ती टाइप करेल ते तिच्याच आवाजात बोलायचा. दुसऱ्या दिवशी दहाला मुख्याध्यापिकांसमोर तिचा परीक्षेचा तास होता. जमलं तर वर्ग, नाहीतर ग्रंथालयात बदली. वर्गात फोन चालणार नाही, बाहेरचा लॅपटॉप चालणार नाही, शाळेच्या जुनाट संगणकावरच शिकवून दाखवा, अशी बाईंची अट.

दुपारी तीनला ताईचा मेसेज आला, संगणक नुसता खरखरतोय. तिच्या फोनवर आवाज ठणठणीत, माझ्या मशीनवर ठणठणीत, आणि नेमका तिथेच बोंब!

आमच्या प्रोग्राममधला आवाजाचा भाग आमचा नाही. कुणीतरी लिहून जगाला फुकट दिलेला तो कोड आम्ही उतरवून घेतो आणि नवे संगणक, जुने संगणक, फोन, अशा तीन तऱ्हांच्या यंत्रांसाठी आमच्या कोडबरोबर बांधतो. एकीकडे नीट बसला की दुसरीकडे रुसतो. निम्मी नोकरी त्याची मनधरणी करण्यात जाते. आदल्याच दिवशी नियमबुवाने त्याची नवी आवृत्ती आणली होती. नियमबुवा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, गोळीच्या पाकिटातला कागदही शेवटपर्यंत वाचणारा माणूस.

मी त्याच्यावर तुटून पडले. दहा जणांदेखत विचारलं, अक्कल गहाण टाकलीस का, चालत्या गाड्याला खीळ घालायला कुणी सांगितलं होतं? जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं भगदाड होतं, एवढंच तो पुटपुटत राहिला. मग आम्ही मूळ लेखकांकडून जुनी आवृत्ती पुन्हा उतरवली, बांधली, शाळेत पाठवली. तरी खरखर तीच.

नियमबुवाने उसन्या कोडचा फोल्डर उघडला. मग हळूच म्हणाला, "त्या फोल्डरमध्ये कुणी हातानं काही बदललं होतं का? तुझा नियम आहे, म्हणून नवी आवृत्ती आणताना जुना फोल्डर पुसला, तेव्हा मी बघितलं नाही."

नियम त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवरच चिकटवलेला होता. उसन्या कोडला हात लावायचा नाही, बदल हवा तर वेगळ्या फाइलीत, नोंद करून. खाली माझी सही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन वर्षांपूर्वी जुन्या संगणकांवर असाच आवाज फाटत होता, तेव्हा घाईघाईत मीच, प्रोग्राम बांधायच्या मशीनवर, त्या फोल्डरमध्ये तीसेक ओळी घुसडल्या होत्या. नोंद उद्या करू म्हटलं, आणि तो उद्या उजाडलाच नाही. फोल्डर केव्हाही पुन्हा उतरवता येतो म्हणून त्याची दुसरी प्रत आम्ही कुठेच ठेवत नव्हतो.

मी त्याची माफी मागितली, तीही सगळ्यांदेखत. संध्याकाळी आठपर्यंत आणि सकाळी सहापासून आम्ही दोघं त्या ओळी आठवून लिहीत होतो. खरखर कमी झाली, पण शब्द निम्मे गिळले जात होते. साडेनऊला मी हात टेकले आणि शाळेत जाऊन आमच्या प्रोग्रामची गेल्या वर्षीची आवृत्ती चढवली; त्या ओळींसकट बांधलेली तेवढीच उरली होती. तिच्यात एका पुरुषाचा कोरडा यांत्रिक आवाज होता, दुसरा नव्हता.

"मुलांनो, वह्या काढा," तो पुरुष म्हणाला आणि वर्ग खो खो हसत सुटला. ताई टाइप करत राहिली, मुलं हसत राहिली. मुख्याध्यापिका फार सौजन्याने बोलल्या. सोमवारपासून ग्रंथालय.

व्हरांड्यात मी ताईला सगळं सांगितलं. चूक माझीच, आठवड्याभरात दुरुस्त करते, तुझी शपथ, असं काय काय बोलत सुटले. तिने फोन काढला, शांतपणे टाइप केलं, आणि तिचा स्वतःचा आवाज आला, जसाच्या तसा.

"सावकाश कर. ग्रंथालयात बोलायचंच नसतं."