खालचा हात

महिपतनं इंजिनात डिझेल फवारणारं नोझल काढलं आणि त्याच्या भोकातून रस्सी आत सारायला सुरुवात केली. नायलॉनची, करंगळीच्या निम्म्या जाडीची, डिझेलनं पिवळट पडलेली. पुरेशी आत गेल्यावर त्यानं वीतभर टोक बाहेर ठेवलं, वाकून इंजिनच्या पुढच्या पुलीला पाना लावला आणि इंजिन हातानंच हळूहळू फिरवलं. आत पिस्टन वर सरकला, रस्सीचा गोळा व्हॉल्व्हना खालून दाबून बसला आणि पाना अडला.

"बस, झालं," तो स्वतःशीच म्हणाला. ऐकायला गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं.

काम किचकट होतं, पण अवघड नव्हतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची छोटी टोपी असते, तिला सील म्हणतात. ती झिजली की वरचं ऑइल थेंबाथेंबानं खाली झिरपतं, आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा लोट सोडते. सील बदलायचं तर व्हॉल्व्हची स्प्रिंग काढावी लागते, आणि स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. तो सरळ खाली सिलिंडरमध्ये पडतो. मग हेड, म्हणजे इंजिनचा अख्खा वरचा भाग खोला आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खा. म्हणून खालून रस्सीचा टेकू द्यायचा. एकट्या माणसाची ही पद्धत.

वर्षभरापूर्वीपर्यंत महिपत एकटा नव्हता. काशीमीऱ्याला हायवेला लागून असलेलं हे गॅरेज दोघा भावांनी उभं केलं होतं. रत्नागिरीकडून आधी महिपत आला, मागोमाग धाकटा दत्ताराम. सीलचं काम आलं की ते रस्सीबिस्सीच्या भानगडीत पडत नसत. सरळ हेड उतरवून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवत. दत्ताराम खाली बसायचा आणि तळवा वर करून व्हॉल्व्ह खालून धरायचा. महिपत वरून स्प्रिंग दाबायचा, तिला अडकवून ठेवणारी दोन इवलीशी लॉकं खाचेत बसवायचा आणि ओरडायचा, "सोड!" ट्रकांच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकूच जात नसे. तो शब्द कानावर पडेपर्यंत दत्तारामनं हात काढायचा नाही, हा नियम. एकदा मध्येच कोणाची तरी गाडी बघायला महिपत उठून गेला आणि चहाबिहा पिऊन परतला, तर हा पठ्ठ्या तसाच बसलेला, हात वर.

"अरे, काढायचा ना हात!"

"तू सोड म्हणालास?"

जमलेले ड्रायव्हर पोट धरून हसले होते. दत्ताराम हसला नाही. मनगट चोळून तो पुढच्या व्हॉल्व्हखाली हात घालून बसला. हेकट तर तो होताच, पण असा भाऊ शोधून सापडला नसता.

आता समोर बॉनेट उघडून उभी असलेली पिकअपही त्याचीच. अठ्ठ्याण्णव सालची. गॅरेजात काम नसेल तेव्हा तो तिच्यावर लाद्या वाहायचा, भाजी वाहायचा, लग्नसराईत मंडपाचं सामान. गेल्या मे महिन्यात एका सकाळी तो उठलाच नाही. झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. गाडी गॅरेजच्या बाजूला उभी राहिली ती राहिलीच, आणि मागच्या खोलीत राहिली त्याची बायको, शालू.

बॅटरी उतरू नये म्हणून महिपत रोज सकाळी गाडी स्टार्ट करी. रोज निळा धूर निघे. वारा हायवेकडून असो की खाडीकडून, तो लोट गॅरेजला वळसा घालून मागे जाई आणि शालूच्या उंबऱ्याशी थांबे. तिनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा महिपत वैतागला होता. भुताखेतांच्या गप्पांची त्याला मनापासून चीड होती.

"ऑइल जळतंय, शालू. सीलं गेलीत, बाकी काय नाय."

"ते कळलं, दादा. पण तो आत नाही येत. दारात थांबतो जरा वेळ, मग जातो. आत यायचं की नाही, विचारल्यासारखा."

शालूला इथून निघायचं होतं. शांती नगरात एका मैत्रिणीबरोबर पोळी-भाजीचं दुकान टाकायचं ठरलं होतं, गाळाही बघून झाला होता. गाडी विकली की ते जमणार होतं. महिपत मात्र दर वेळी सांगे, सीलं मिळत नाहीत, कंपनीनं बंद केली. सीलं त्याच्या ड्रॉवरमध्ये दिवाळीपासून पडून होती. खरं सांगायचं तर, गाडी गेली की दत्ताराम खरोखरच गेला असं झालं असतं, आणि ते त्याला सोसणार नव्हतं.

काल काशीगावचा नाथा आला. त्याच्या घरची जुनी मिठागरं होती, आता मंडपाचा धंदा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "महिपतशेट, गारी चांगली हाय, पन धूर लय मारते. परवा सकाली येतो. धूर न्हाय दिसला त घेऊन जातो. न्हायतर मी दुसरी बगतो."

शालू मागे उभी होती. ती महिपतकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे ड्रॉवर उघडावाच लागला.

पहिला सिलिंडर झाला, दुसरा झाला. रस्सी बाहेर काढायची तर पिस्टन पुन्हा खाली न्यावा लागतो, आणि या इंजिनात दुसरा खाली गेला की तिसराही त्याच्यासोबत खाली जातो. महिपतनं पुली फिरवली, रस्सी ओढून काढली, पुसली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तेवढ्यात मोबाइल वाजला. वसईचं गिऱ्हाईक, गिअरबॉक्सचं रडगाणं. बोलणं संपवून तो घाम पुसत तिसऱ्या सिलिंडरवर वाकला.

तिसऱ्याचा पहिला व्हॉल्व्ह सुरळीत झाला. स्प्रिंग दाबताना खालचा टेकू थोडा मऊ लागला, एवढंच. रस्सी कडक लागते. हा दबला आणि परत वर आला. हाताला ते ओळखीचं वाटलं, आणि ओळखीचं वाटलं म्हणूनच त्यानं त्यावर विचार केला नाही.

दुसऱ्या व्हॉल्व्हची लॉकं निघाली, स्प्रिंग निघाली. जुनं सील उपटलं तर बोटांत त्याचा चुरा झाला. नवं घ्यायला गेला, ते तेलकट बोटांतून निसटून भिंतीकडे घरंगळत गेलं. उचलून उभा राहताना त्याची नजर समोर गेली.

रस्सी खिळ्यालाच होती.

त्याला आधी काही कळेना. गॅरेजात रस्सी ही एकच. तो वळला. तिसऱ्या नोझलचं भोक मोकळं होतं, त्यातून कुठलंही टोक बाहेर आलेलं नव्हतं. त्यानं टॉर्च घेऊन आत पाहिलं. पिस्टन पार तळाला होता. मधे काही नव्हतं.

आणि व्हॉल्व्ह उभा होता. ना स्प्रिंग, ना लॉक, ना टेकू. दांड्याचं टोक जिथल्या तिथे चमकत होतं.

कार्बन धरून अडकला असेल, असं महिपतनं स्वतःला सांगून पाहिलं. त्यानं एक बोट टोकावर ठेवून हलकेच दाबलं. व्हॉल्व्ह लोण्यासारखा सहज खाली गेला, आणि बोट उचलताच पुन्हा वर येऊन टेकला. कार्बन असं करत नाही. हे करणारा माणूस त्यानं उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता. मे महिन्याच्या भर दुपारी, बाहेर कंटेनरांची रांग लागलेली असताना, त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पळून जावंसं वाटलं. पण काम अर्धवट होतं, आणि खालून धरलेलं असताना वरच्यानं उठून जायचं नसतं. तो धडा त्याला एकदा मिळाला होता.

"धर हां," तो म्हणाला. "अजून झालं नाय."

त्यानं नवं सील बसवलं. स्प्रिंग चढवली, दाबली. खालचा टेकू जराही हलला नाही. एक लॉक बसलं. मग दुसरं. दाब हळूहळू मोकळा केला. व्हॉल्व्ह आता स्प्रिंगवर पक्का होता, त्याला कोणी धरायची गरज नव्हती. फक्त एक शब्द बाकी होता.

तो शब्द महिपत बोलला नाही. स्टूल ओढून तो गाडीसमोर बसला. नाही बोललो तर काय बिघडलं, त्याच्या मनात आलं. नाथाला सांगता येईल, इंजिनात दुसराच फॉल्ट निघाला. गाडी इथेच राहील. दत्ताराम इथेच राहील, हाकेच्या अंतरावर. इतकी भीती वाटत असूनही त्याला हे हवं होतं, आणि ते किती हवं होतं हे कळल्यावर त्याला रडूच आलं.

"दादा, सरबत."

शालू कोकम सरबताचा ग्लास घेऊन आली होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला. मग उघडं इंजिन, मोकळं भोक, आणि शेवटी खिळ्यावरची रस्सी. इतकी वर्षं गॅरेजच्या मागे काढलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नव्हती. ग्लास तिनं सावकाश खाली ठेवला.

"रस्सी वर आहे," ती म्हणाली.

"हं."

"मग खालून..." पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती गाडीजवळ गेली आणि मोकळ्या भोकावर वाकली. घाबरलेली दिसत नव्हती. वर्षभर जे ती एकटी सांगत होती, ते आता दुसऱ्या कुणाला पटलं होतं.

"सोड म्हणालात?"

महिपतनं मान हलवली. नाही.

"म्हणा ना."

"राहू दे ना थोडं," तो म्हणाला. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी ते शोभत नव्हतं, पण निघून गेलं.

"मी रोज सांगते ह्यांना, जा म्हणून. दारात धूर येतो ना, तेव्हा सांगते. पण कामाच्या बाबतीत माझं कधी ऐकलंय का ह्यांनी? तुम्ही सांगितल्याशिवाय ते हात काढायचे नाहीत." "वर्ष झालं, दादा. हात दुखत असेल हो त्यांचा."

महिपत उठला. इंजिनवर वाकला. तोंडाशी आलेला शब्द दोनदा गिळला.

"सोड," तो म्हणाला.

बाहेरून एक ट्रेलर धडधडत गेला. काहीच झालं नाही.

"मोठ्यानं," शालू म्हणाली. "नेहमीसारखं."

"दत्ताराम!" तो छाती फाटेस्तोवर ओरडला. "सोड!"

इंजिनचा पंखा चार बोटं फिरला आणि थांबला. नोझलच्या भोकातून हवेचा एक लांब झोत बाहेर आला आणि महिपतच्या मनगटावरून गेला. इंजिन कालपासून थंड होतं, पण ती हवा उबदार होती. मग ती थांबली. हायवे नेहमीसारखा वाजत राहिला, आणि गाडी नुसती गाडी होऊन उभी राहिली.

शालूनं डोळे पुसले आणि ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं तो एका दमात संपवला.

चौथ्याला त्यानं रस्सी घातली. आत गेल्याची दोनदा खात्री केली. शेवटचं लॉक बसलं तेव्हा सवयीनं त्याचं तोंड उघडलं, आणि आता ते कोणाला सांगायचं हे न कळून त्यानं ते मिटलं.

सकाळी नाथा लवकरच आला. महिपतनं चावी त्याच्याच हातात दिली. गाडी पहिल्या स्टार्टला लागली. नाथा उतरून मागे गेला, सायलेन्सरपाशी उकिडवा बसला, हात धरून पाहिला आणि खूश झाला.

"यक नंबर! धुराचा नावसुद्दा न्हाय."

शालू मागच्या खोलीच्या दारात उभी होती. दार तिनं सताड उघडं ठेवलं होतं. महिपत गॅरेजच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. गाडी हायवेला लागली, काशीगावच्या वळणाला दिसेनाशी झाली, तरी दोघंही तिथून हलली नाहीत. रोज धूर येऊन थांबायचा त्या उंबऱ्याकडे बघत ती दोघं थोडा वेळ वाट पाहत राहिली.