उभे काटे

गनीफला, माझ्या नवऱ्याला, आकडे वाचणारे ड्रायव्हर अजिबात खपायचे नाहीत. "वळणावर आकडे कसले वाचतेस? परीक्षा आहे का?" म्हणून आमच्या लाल रेसच्या गाडीतले मीटर त्यानं फिरवून बसवले होते. पाण्याचं तापमान, तेलाचं तापमान, तेलाचा दाब. आकडे तिरके दिसायचे, पण इंजिन तापून ठणठणीत चाललं की तिन्ही काटे सरळ वर. "नमाजाच्या रांगेसारखे उभे दिसले, तर दाब पाय. एक जरी कलला, तर पाय उचल आणि घरी ये." घर म्हणजे पिट, ट्रॅकलगतची गाडी थांबवायची जागा. तिथल्या भिंतीवर बसून तो कूसिस्टर, पाकात बुडवलेले तळलेले गोळे, खायचा आणि चिकट झालेला हात मला हलवून दाखवायचा.

तो गेल्यावर गाडीकडे बघवेना. शेवटी विकली. सोमवारी ती जॉर्ज गावातल्या नव्या मालकाकडे जायची होती. त्याआधी रविवारी किलार्नीच्या ट्रॅकवर एकदा, गनीफ असताना मी पळवायचे तशीच पळवायची, एवढीच माझी इच्छा होती.

"नवरीसारखी सजवलीय बघ, वहिनी," माझा दीर रिदवान किल्ली देत म्हणाला.

पहिल्या फेरीत इंजिन तापवलं. मग वेग घेतला, खाली पाहिलं, तर तिन्ही काटे कललेले. डोक्याला कळायच्या आधी पाय उठला. सरळ पिटमध्ये आले.

"इंजिन गेलं, रिदवान!"

त्यानं आत डोकं घातलं. "कुठे गेलं? पाणी नव्वदवर, दाब झकास." मग मान खाजवत म्हणाला, "ते... मीटर मी सरळ केले, वहिनी. नव्या मालकाला आकडे वाचता यावेत म्हणून. भाईनं सगळे वाकडे बसवले होते ना."

"वाकडे नव्हते रे, मेल्या!"

"अगं, पण आता गाडी त्याची."

"उद्यापासून त्याची. आण तो पाना."

मागचे नट सैल करून मीटर मीच फिरवले. रिदवाननं बॅटरीचा उजेड धरला.

परत ट्रॅकवर गेले. मागच्या सरळ रस्त्यावर समुद्राकडचा वारा गाडी ढकलत होता. खाली पाहिलं. तिन्ही काटे उभे, जसे तो ठेवायचा तसे. मला वाटलं होतं, आनंद होईल. पण राग आला त्या काट्यांचा. सगळं ठीक आहे म्हणे! कुठे ठीक आहे?

गनीफची इतकी आठवण आली की रस्ता धूसर झाला. एक तरी काटा कलावा, म्हणजे पाय उचलून घरी जाता येईल, असं मनापासून वाटलं. फेरीमागून फेरी मी बघत राहिले. पिटची भिंत येई आणि रिकामीच मागे जाई.

एकही कलला नाही. इंजिन त्यानं फारच चांगलं बांधलं होतं.